घरचा डबा आणि बुटका टोमॅटो
(केंद्रस्तरीय शिक्षक-संमेलनातील भाषण)



आजच्या संमेलनात ‘परसबाग’ या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी केंद्रप्रमुखांची इच्छा आहे. परंतु आपल्या कित्येक शाळांस परसच नाही, आणि मुलांच्या घरांची स्थितीही निराळी नाही. दोन खोल्या व पुढे हातभर ओटा, एवढाच ज्याचा संसार, त्या घरच्या मुलानेही एखादे झाड आपले म्हणून वाढवावे, त्याचे फळ आईच्या हाती द्यावे, ही इच्छा मनात धरून मी आज बुटक्या टोमॅटोविषयी बोलणार आहे. विदर्भाकडील मंडळी यास भेदरे म्हणतात, हे आपणांस ठाऊक आहेच.

प्रथम जातीविषयी. टोमॅटोच्या उंच जाती सतत वाढत राहतात. पाच-सहा फुटांच्या त्या झाडास आधाराची काठी हवी आणि मुळांस ऐसपैस जागा हवी. डब्यात त्याची उपासमार होते. म्हणून डब्यासाठी आखूड जात निवडावी. यातही दोन प्रकार आहेत. पहिला झुडपी. याच्या शेंड्यास फुलांचा घोस आला की वाढ थांबते व बहुतेक फळे थोड्याच दिवसांत हाती येतात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची ‘पुसा अर्ली ड्वार्फ’ ही जात या प्रकारची होय. दुसरा खरा बुटका. याची वाढ थांबत नाही, परंतु ती अतिशय संथ असते. खोड जाड, पेरी आखूड, पाने गर्द हिरवी व सुरकुतलेली; उंची सामान्यतः दोन ते चार फूट. हा दीर्घकाळ थोडी थोडी फळे देत राहतो.

या दुसऱ्या प्रकाराची एक हकीकत वर्गात सांगण्याजोगी आहे. अमेरिकेतील क्रेग लहूलियर व ऑस्ट्रेलियातील पॅट्रिना नस्के स्मॉल या दोघा बागप्रेमींनी २००६ च्या सुमारास एक उद्योग आरंभिला. चवदार उंच जातींचा बुटक्या जातींशी संकर करावयाचा, आणि झाड ठेंगणे राहूनही फळास उत्तम चव येईल असे वाण निवडावयाचे. पहिल्या पिढीत सर्व रोपे उंचच आली. बुटकेपण नष्ट झाले नव्हते, ते झाकले गेले होते. त्या रोपांच्या बियांपासून झालेल्या दुसऱ्या पिढीत चारांत सुमारे एक या प्रमाणात ते पुन्हा प्रकट झाले. मेंडेलने वाटाण्यावर जे पाहिले तेच हे. एकाच्या देशात उन्हाळा असता दुसरीच्या देशात हिवाळा, त्यामुळे वर्षास दोन पिढ्या घेता आल्या. अनेक हौशी माणसांनी आपापल्या घरी या कामास हातभार लावला, आणि २०१० पासून त्यांची वाणे लोकांच्या हाती येऊ लागली.

आता कृतीकडे वळू. खऱ्या बुटक्या जातीस १५ ते २० लिटरचे भांडे पुरते. तेलाचा १५ किलोचा रिकामा डबा उत्तम. मात्र त्याची कापलेली कडा आत ठोकून घ्यावी, म्हणजे मुलांचे हात कापणार नाहीत. तळाशी सहा-सात भोके पाडून डबा विटांच्या तुकड्यांवर ठेवावा. पत्रा उन्हाने तापून मुळे भाजतात, म्हणून भोवती गोणपाट गुंडाळावे. निव्वळ काळी माती भरू नये. ती भिजली की घट्ट बसते आणि वाळली की भेगाळते. दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत व एक भाग वाळू हे प्रमाण सोयीचे.

सप्टेंबरात बी पेरावे. चार-पाच आठवड्यांनी रोप डब्यात लावावे. लावताना खोडाचा खालचा भाग मातीत जाऊ द्यावा, कारण त्या खोडास नवी मुळे फुटतात. दिवसाकाठी सहा तास ऊन मिळावे. थंडीच्या प्रारंभी फुले धरतात. कडक उन्हाळ्यात रात्रीही उष्ण राहू लागल्या की ती गळतात. दिवाळीच्या सुटीत शाळेतील कुंड्या वाळून जातात. घरचा डबा मुलाच्या डोळ्यांसमोर असतो, हाही एक लाभच.

पाणी बोटाने माती चाचपून घालावे. दोन दिवस कोरडे व तिसऱ्या दिवशी डबा भरून, असे झाले की फळाचे टोक काळे पडते. त्यास रोग समजून औषध फवारू नये. पाण्याच्या अनियमितपणामुळे फळास चुना, म्हणजेच कॅल्शियम, पोहोचत नाही, हे त्याचे नेहमीचे कारण होय.

येथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. मी शिक्षक असताना एका परिचिताने दिलेल्या बुटक्या टोमॅटोच्या बिया चौथीच्या मुलांस वाटल्या. रोपे उगवली, पण ती खुजी राहिली; पाने जाड व सुरकुतलेली. पांढऱ्या माशीमुळे पसरणारा पर्णगुच्छ रोग आला, असे मी क्षणात ठरविले आणि सर्व रोपे उपटून पुरावयास लावली. मुलांनी निमूटपणे ऐकले. एक मुलगी त्या आठवड्यात तापाने घरी होती. तिला माझी आज्ञा कळलीच नाही. जानेवारीत तिने फडक्यात बांधून पाच लालबुंद टोमॅटो आणले व माझ्या टेबलावर ठेवले. मागून एका मुलाने विचारले, “गुरुजी, मग आमची का उपटायला लावलीत?”

त्या प्रश्नास माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी मुलांची क्षमा मागितली व पुढील वर्षी तिच्याच फळांतील बी सर्वांस वाटले.

म्हणून आपणांस आग्रहाने सांगतो, रोगट पान व बुटक्याचे पान यांतील भेद नीट ओळखावा. रोगात नवी पाने लहान होतात, कडा पिवळ्या पडून वर वळतात, आणि आधी चांगले वाढणारे झाड मध्येच खुंटते. बुटक्याचे पान लहानपणापासूनच सुरकुतलेले असते, पण ते गर्द हिरवे व टवटवीत असते. संशय आल्यास रोप वेगळे ठेवून आठ दिवस पाहावे. मुलांस वहीत दर आठवड्याची उंची, पानांची संख्या, पहिल्या फुलाचा दिवस लिहावयास सांगावे. जे रोप मेले त्याचीही नोंद करावी, व त्यास गुण कमी देऊ नयेत.

हे झाड संथ वाढते, ठेंगणे राहते, आणि तरीही आपल्या वेळी फळते. आपल्या वर्गांतही अशी मुले आहेत. त्यांच्याविषयी निर्णय देण्यापूर्वी आपण आठ दिवस तरी थांबतो काय, एवढे प्रत्येकाने मनाशी विचारावे.