कृश देह आणि रक्तांतील साखर

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



ज्युबिली म्हणजे ईश्वरी देणग्यांचें कृतज्ञ स्मरण. देह ही त्यांपैकींच एक देणगी; संत पौलानें त्याला पवित्र आत्म्याचें मंदिर मानलें. म्हणून ह्या मंगलप्रसंगीं त्याविषयीं चार शब्द बोलणें अस्थानीं होणार नाहीं.

मधुमेह हा लठ्ठ व सुखवस्तु लोकांचा रोग, अशी समजूत आपल्यांत दृढ आहे. राजूर हें कोळशाचें व चुन्याचें गांव. येथील कष्टकरी माणूस अंगानें काटक. "माझ्या अंगावर चरबी आहेच कोठें?" असें म्हणून तो निश्चिंत राहतो. ही निश्चिंतता घातक आहे.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व इंग्लंडांतील डॉ. जॉन युडकिन ह्यांनीं २००४ सालीं 'लान्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकांत आपलें दोघांचें छायाचित्र प्रसिद्ध केलें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन सारखेंच. परंतु युडकिन ह्यांच्या देहांत चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक ह्यांच्या देहांत २१.२ टक्के! वजनाच्या कांट्यानें हा भेद दाखविला नसता. पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९३ सालीं सुरू झालेल्या अभ्यासांत तर हा भेद नवजात बालकांतही आढळला. तेथील बालकांचें सरासरी वजन सुमारें २.७ किलो, साउथॅम्प्टनच्या बालकांचें ३.५ किलो; तरी आपल्या बालकांत उणीव विशेषतः स्नायूंची होती, चरबीची त्या मानानें थोडी.

ह्याचें महत्त्व काय? जेवणानंतर रक्तांत आलेल्या साखरेचें मोठें कोठार म्हणजे स्नायू, आणि इन्सुलिन हा त्या कोठाराचें दार उघडणारा रस होय. पोटांत व यकृतांत चरबी सांचली कीं इन्सुलिनचें बळ चालेनासें होतें. स्नायू झिजले कीं कोठारच लहान होतें. मग साखर रक्तांतच सांचून राहते. परंतु श्रम करणारा स्नायू इन्सुलिनवांचूनही साखर ओढून घेतो, ही परमेश्वराची केवढी योजना!

खाणींतून निवृत्त झालेल्या मनुष्याचें जेवण पूर्वीचेंच राहतें, श्रम मात्र थांबतात. हातपाय बारीक होतात, पोट पुढें येतें, आणि वजन तितकेंच भरतें. त्यानें कमरेला फीत लावून पाहावी. पुरुषाची कंबर ९० व स्त्रीची ८० सेंटिमीटरपेक्षां अधिक असल्यास सावध व्हावें. तीस वर्षांवरील प्रत्येकानें सरकारी दवाखान्यांत रक्त तपासून घ्यावें. उपाशीपोटीं साखर १०० ते १२५ असल्यास ती धोक्याची सूचना. १२६ किंवा अधिक असल्यास डॉक्टरांकडून खात्री करून घ्यावी. रोज भरभर चालावें, उठाबशा काढाव्या, ताटांत भात कमी करून डाळ वाढवावी. गरोदर सुनेला व लेकीला घरांत सर्वांच्या शेवटीं उरलेलें अन्न वाढूं नये. बालकाच्या स्नायूंचा पाया तेव्हांच घातला जातो.

आणखी एक सांगतों. रोग हें पापाचें शासन नव्हे, तो लपवूं नये. औषध टाकून केवळ प्रार्थनेवर राहणें ही श्रद्धा नव्हे. प्रार्थना करावी आणि औषधही घ्यावें.

मंदिराच्या भिंतींना आपण ज्युबिलीसाठीं रंग दिला. देहरूपी मंदिराचीही तशीच निगा राखण्याची सद्बुद्धि प्रभु आपणां सर्वांना देवो. आमेन.