धुऱ्यावरचे पाहुणे



वरवट बकालच्या शिवारातून उत्तरेला पाहिलं की सातपुडा दिसतो. त्याच्या पायथ्याशी आपल्याच संग्रामपूर तालुक्यातलं अंबाबरवा अभयारण्य, १९९७ साली जाहीर झालेलं, आता मेळघाट व्याघ्र प्रकल्पात असलेलं. रानातली जनावरं-पाखरं म्हटली की आपण तिकडेच बोट दाखवतो. माझं सांगणं आहे, आधी आपल्या धुऱ्यावर बसा.

हरभरा बोटभर वर आला की त्यावरून अगदी खालून, पंख जरा वर उचललेला, मान खाली घातलेला एक शिकारी पक्षी हेलकावे घेत जातो. हा भोवत्या. नर राखाडी, पंखांची टोकं काळी. मादी तपकिरी, पण तिच्या शेपटीच्या बुडाशी पांढरा डाग असतो. ती वळली की डाग लख्ख दिसतो आणि ओळख पक्की होते. उंदीर आणि नाकतोडे शोधत तो सगळं शेत जमिनीलगत चाळून काढतो. कझाकस्तान, रशियाच्या गवताळ माळांवर पिलं वाढवायची आणि तिथं बर्फ पडण्याआधी आपल्याकडे यायचं, असा त्याचा वर्षाचा क्रम. रात्री तो झाडावर नाही, गवतात जमिनीवर मुक्काम करतो. म्हणून गावच्या ई-क्लास जमिनीवरचं गवत पेटवू नका, ही माझी कळकळीची विनंती.

भोरड्या तर सगळ्यांना ठाऊक. ज्वारी हुरड्यात आली की थवा उतरतो आणि गोफण फिरते. शेतकऱ्याचा राग खरा आहे, नुकसानही खरं आहे. पण हेच पाखरू मध्य आशियात टोळ खाऊन पिलं पोसतं. चीनच्या शिनजियांग प्रांतात टोळ आवरावेत म्हणून त्याच्यासाठी मुद्दाम घरट्यांच्या जागा बांधल्या आहेत. आपल्याकडेही ते किडे खातं, आणि फाल्गुनात पळस फुलला की त्याच्या फुलांवर तुटून पडतं.

जनावरं सहसा दिसत नाहीत, त्यांच्या खुणा दिसतात. धुऱ्याजवळ एकाच जागी लेंड्यांचा मोठा ढीग असेल तर तो रोहीचा. रोही पुन्हा पुन्हा त्याच जागी येतात. जमीन नांगरल्यासारखी उकरलेली असेल तर रानडुक्कर. पिकात रात्री कोण शिरलं हे कळल्याशिवाय राखण कशी करायची, ते ठरत नाही.

राज्यात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह पाळतात. पहिला दिवस मारुती चितमपल्लींच्या जन्माचा, शेवटचा डॉ. सलीम अलींच्या. या आठवड्यात शाळेतल्या पोरांना एक वही द्या. पहिली भोरडी कोणत्या तारखेला दिसली, भोवत्या कोणाच्या वावरात उतरला, एवढंच लिहायला सांगा. पाखराचं नाव आजोबांना विचारून लिहिलं तरी चालेल. आणि उन्हाळ्याच्या तोंडी हे पाहुणे परत निघाले की ती तारीखही त्याच वहीत टिपून ठेवा.