आराखडा एक, यंत्रे अनेक
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



महोत्सवाच्या व्यासपीठावरून शाळामास्तरांनी संगणकावर बोलावे, याचे कित्येकांना नवल वाटेल. पण विषय आपल्या मुलांच्या पोटापाण्याचा आहे, म्हणून हे धाडस.

आमच्या माहितीतील एका संस्थेने शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी कचेरीतील संगणकाकरिता प्रोग्रॅम लिहवून घेतला. पुढे मोबाइलकरिता दुसऱ्या माणसाकडून तो नव्याने लिहवून घेतला. ‘एका विद्यार्थ्यास वर्षातून एकच शिष्यवृत्ती’ हा नियम पहिल्यात होता, दुसऱ्यात राहून गेला. एकाला दोनदा रक्कम मिळाली. आमच्या वर्गातील एक हुशार मुलगी रिकाम्या हाताने परत गेली.

दोष यंत्राचा नव्हता. एकच नियम दोनदा लिहावा लागला, हा दोष. अँड्रॉइडकरिता जावा किंवा कॉटलिन, आयफोनकरिता स्विफ्ट. यंत्र बदलले की सारे पुन्हा लिहावयाचे. यावर तोड म्हणून ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या संस्थेने २००१ साली ‘मॉडेल ड्रिव्हन आर्किटेक्चर’ ही पद्धत पुढे मांडली. तीत आधी कोणत्याही यंत्राचे नाव न घेता कामाचा आराखडा काढतात : अर्जदार कोण, नोंदी कोणत्या, नियम कोणते. त्यासाठी याच संस्थेने १९९७ साली स्वीकारलेली यूएमएल ही आकृत्यांची भाषा आहे. त्या आराखड्यावरून प्रत्येक यंत्रास साजेसा दुसरा आराखडा, आणि त्यावरून पुष्कळसा कोड आपोआप तयार होतो.

आपल्या बेळगावात हे समजणे कठीण नाही. आमच्या घरी उर्दू, शाळेत मराठी, बाजारात कन्नड. निरोप एकच, भाषा तीन.

परंतु यात एक गोम आहे. घाईच्या वेळी मंडळी तयार कोडच हाताने दुरुस्त करतात. आराखडा जुनाच राहतो, आणि कोड पुन्हा काढला की केलेली दुरुस्ती पुसली जाण्याची भीती. ही पद्धत सर्वत्र रुजली नाही, त्याचे हे एक कारण. आज तर साध्या वाक्यांवरून कोड लिहिणारी यंत्रेही निघाली आहेत. पण आपण न सांगितलेला नियम त्यांना तरी कसा कळावा?

म्हणून विश्वस्तांना आमची विनंती एवढीच : संस्थेने संगणकवर्ग काढला, तर एकाच यंत्राची भाषा शिकवून थांबू नये. आधी मुलांना एखाद्या कामाचे सारे नियम स्वच्छ मराठीत लिहावयास लावावे. आपल्याच शिष्यवृत्तीच्या नियमांपासून प्रारंभ करावा. यंत्रे बदलत राहतील. नीट विचार करून मांडण्याची सवय जन्मभर पुरेल. आणि कोणतीही मुलगी पुन्हा रिकाम्या हाताने परत जाणार नाही.