पत्ता स्वतः टाइप करा



आज इथे बसलेल्या जवळपास प्रत्येकाच्या खिशात किंवा पर्समध्ये इंटरनेट आहे. पण आपलं इंटरनेट सहसा तीन-चार ठिकाणी संपतं. व्हॉट्सअॅप, यूट्यूब, इन्स्टाग्राम आणि पैसे पाठवायचं एखादं अॅप. तिथे समोर येणारं बहुतेक काही आपण मागितलेलं नसतं. कुणीतरी पुढे पाठवलेलं असतं, नाहीतर आपण किती वेळ थांबू याचा हिशेब करून दाखवलेलं असतं. नालासोपाऱ्याहून चर्चगेटपर्यंतचा प्रवास असा अंगठ्याखालून निघून जातो आणि उतरताना काय पाहिलं ते आठवत नाही. माझी विनंती एवढीच आहे की आठवड्यातून काही वेळा तरी मनात एक प्रश्न धरून, पत्ता स्वतः टाइप करून, एखाद्या संकेतस्थळावर जा. कुठे जायचं, ते आज सांगतो.

सुरुवात घरापासूनच करायला हवी. नालासोपाऱ्यातल्या या आचोळ्यात उभं राहून दुसऱ्या कशापासून सुरुवात करणं मला जमणार नाही.

सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या इथल्याच जमिनीवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. जुलै २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला आणि फेब्रुवारी २०२५ पर्यंत त्या जमीनदोस्त झाल्या. सुमारे अडीच हजार कुटुंबांचं छप्पर गेलं. त्यांतली काही माणसं तुमच्या शेजारी, नात्यात, ओळखीत असतील. त्या माणसांनी वेबसाइट पाहिली असती तर वाचली असती, असं मी म्हणणार नाही. ते खोटं होईल आणि त्यांच्यावर अन्यायही होईल. त्या इमारती उभ्या राहिल्या तेव्हा महारेरा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण, अस्तित्वातच नव्हतं. ते १ मे २०१७ पासून सुरू झालं. लोकांच्या हातात शिक्क्यांचे कागद होते आणि साध्या माणसाने शिक्क्यावर विश्वास ठेवला. पण आज जो घर घेणार आहे, ज्याचा भाचा किंवा जावई घर शोधतो आहे, त्याला काही गोष्टी घरबसल्या तपासता येतात.

पहिली गोष्ट सातबारा. महाभूमीच्या संकेतस्थळावर जिल्हा पालघर, तालुका वसई, गाव आचोळे असं निवडून सर्व्हे नंबर टाकला की सातबारा समोर येतो. नुसता पाहायला पैसे लागत नाहीत. डिजिटल सहीचा उतारा हवा असेल तर पंधरा रुपये पडतात. मालकाचं नाव तर सगळेच बघतात. तुम्ही ‘इतर हक्क’ हा रकाना वाचा. बोजा, कूळ, मनाई हुकूम यांच्या नोंदी बहुधा तिथे सापडतात. दुसरी गोष्ट नोंदणी व मुद्रांक विभागाचा ई-सर्च. त्या मिळकतीचे आजवर कोणते दस्त नोंदले गेले, ते सूची क्रमांक दोनवरून कळतं. तिसरी महारेरा. जाहिरातीच्या फलकावरचा क्यूआर कोड स्कॅन करू नका. महारेराच्या स्थळावर जाऊन प्रकल्पाचा क्रमांक स्वतःच्या हाताने टाका आणि फलकावरचं नाव, जागा, विकासक तिथे तसेच आहेत का ते पडताळा. प्रकल्पावर खटले असतील तर तेही तिथे पाहायला मिळतात. आणि जमिनीवर आरक्षण आहे का, हे सातबारा सांगत नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा. आचोळ्यात घात झाला तो आरक्षणाच्या जमिनीवर. त्यासाठी महापालिकेच्या नगररचना विभागाचा विकास आराखडाच पाहावा लागतो आणि तिथला झोन दाखला लेखी मागावा लागतो.

ही सरकारी स्थळं मंद आहेत, दिसायला रूक्ष आहेत, त्यांचे कॅप्चा वाचता वाचता डोळे दुखतात. तरीही संध्याकाळचा तास त्यांना द्या. आयुष्यभराची कमाई त्या तासावर अवलंबून असू शकते.

आणखी दोन स्थळं घाईघाईने सांगतो. रिझर्व्ह बँकेचं ‘उद्गम’ २०२३ मध्ये सुरू झालं. दहा वर्षं हात न लागलेल्या, विसरलेल्या ठेवी अनेक बँकांत एकाच जागी शोधता येतात. वडील किंवा आजोबा गेल्यावर पासबुक हरवलेल्या घरांनी तिथे जरूर पाहावं. दुसरं दूरसंचार विभागाचं ‘संचार साथी’. तुमच्या नावावर किती मोबाइल नंबर चालू आहेत, ते तिथे दिसतं. अनोळखी नंबर असेल तर तिथूनच कळवता येतं आणि फोन चोरीला गेला तर तो बंदही करता येतो.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. गूगलवर शोधल्यावर सगळ्यात वर जे येतं ते पुष्कळदा जाहिरात असते. नकली स्थळं आणि नकली कस्टमर केअर नंबर तिथूनच माणसाला गाठतात. बहुतेक सरकारी पत्त्यांच्या शेवटी डॉट जीओव्ही डॉट इन असतं, ते पाहा. आणि फसगत झालीच तर लाजून गप्प बसू नका. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर लगेच फिरवा. जितक्या लवकर फोन जाईल, तितकी पैसे वाटेतच अडवले जाण्याची शक्यता जास्त.

आता आनंदाच्या ठिकाणांकडे वळू.

आपण राहतो ती जागा किती जुनी आहे, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? इंटरनेट आर्काइव्ह नावाचं एक स्थळ आहे, १९९६ साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेलं. लाखो पुस्तकं तिथे पानन् पान स्कॅन करून ठेवली आहेत, आणि जुनी पुस्तकं वाचायला फुकट आहेत. तिथे १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर शोधा. इंग्रजीत आहे, पण मुलांना शेजारी घेऊन बसलात तर अडणार नाही. त्यातला सोपाऱ्याचा भाग उघडा. त्याच वर्षी पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी बुरुड राजाच्या कोटाचा स्तूप खणला होता. आत दगडी पेटी मिळाली. पेटीत तांब्याचा करंडक, त्याच्याभोवती बुद्धांच्या आठ छोट्या मूर्ती. तांब्याच्या आत चांदीचा, चांदीच्या आत दगडाचा, त्याच्या आत स्फटिकाचा आणि शेवटी सोन्याचा. सोन्याच्या करंडकात होते मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून कुणीतरी ते इतक्या भक्तीने जपले होते. यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणंही तिथे मिळालं. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा भगवानलालांना सोपाऱ्यातच सापडला आणि नवव्याचा तुकडा पुढे १९५६ मध्ये भुईगावला. आचोळ्याहून रिक्षाने स्टेशन आणि पुलापलीकडे थोडं पुढे गेलं की आपण त्या स्तूपापाशी पोचतो. आधी गॅझेटियर वाचून मग तिथे जा. तो मातीचा उंचवटा तुम्हाला वेगळा दिसेल.

स्तूपातल्या या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेल्या. त्याच सोसायटीची जुनी पुस्तकं आणि नियतकालिकं ‘ग्रंथ संजीवनी’ या स्थळावर आहेत. मराठी वाचणाऱ्याने मराठी विश्वकोशही खूण करून जपून ठेवावा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईत उभं केलेलं हे काम आता सगळं ऑनलाइन आहे. पहिला खंड १९७६ चा असल्यामुळे लोकसंख्येसारखे आकडे तिथून घेऊ नका. पण एखादी कल्पना, एखादं शास्त्र समजून घ्यायचं असेल तर इतकी नीट बांधलेली मराठी मला दुसरीकडे क्वचितच मिळते. शब्द अडला तर शिकागो विद्यापीठाच्या स्थळावर मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश दोन्ही शोधता येतात.

पण मला एकच स्थळ सुचवा असं कुणी म्हणालं, तर मी ‘पारी’ सांगेन. पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१४ मध्ये सुरू केलेलं ग्रामीण भारताचं हे संग्रहालय मराठीतही वाचता येतं. त्यात ‘जात्यावरच्या ओव्या’ आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ या दोघांनी सहकाऱ्यांना घेऊन मुळशीपासून सुरुवात केली आणि हजारावर गावांतल्या तीन हजारांहून अधिक बायकांकडून एक लाखावर ओव्या गोळा केल्या. नुसत्या लिहून घेतल्या नाहीत, काही ध्वनिमुद्रितही केल्या. माहेर, भाऊ, सासूचा जाच, राम-सीता, पंढरीची वाट, बाबासाहेब, सगळं त्या बायकांच्या आवाजात ऐकायला मिळतं. इथे कोकणातून, घाटावरून, मराठवाड्यातून आलेल्या आयाबाया आहेत. त्यांना एकदा हेडफोन लावून द्या. त्या नुसत्या ऐकत बसणार नाहीत, पुढची ओवी स्वतः म्हणतील. ती तेवढी रेकॉर्ड करून ठेवा, कारण त्यांच्या गावातली प्रत्येक ओवी कुणी टिपलेली नाही.

शाळांना सुट्टी आहे. मुलांच्या हातून फोन काढून घेण्यापेक्षा त्यांना अरविंद गुप्तांच्या ‘टॉइज फ्रॉम ट्रॅश’ या स्थळावर न्या. काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, स्ट्रॉ, जुनी झाकणं एवढ्यावर शेकडो खेळणी कशी करायची, ते फोटो आणि व्हिडिओंसह दाखवलं आहे. मुलांची पुष्कळ मराठी पुस्तकंही तिथे फुकट आहेत. मोठ्या मुलांसाठी कोलोरॅडो विद्यापीठाचं पडद्यावरच्या प्रयोगांचं ‘फेट’ आहे. विद्युत परिपथ जोडा, लंबक हलवा, चूक केली तरी काही जळत नाही. त्यातले बरेच प्रयोग मराठीतही आहेत.

आणि शेवटी, येणाऱ्या पावसाबद्दल. गूगल अर्थमध्ये ‘टाइमलॅप्स’ नावाची सोय आहे. १९८४ पासूनची उपग्रहचित्रं त्यात ओळीने सरकतात. नालासोपारा शोधा आणि चालू करा. रेल्वेच्या पूर्वेची हिरवी शेतं बघता बघता राखाडी होतात. पाणी जिरायला, साठायला जागा कुठे होती आणि ती कधी गेली, हे इतक्या उघडपणे कुठलंही भाषण सांगू शकणार नाही. १० जुलै २०१८ ला वसई-नालासोपारा पट्ट्यातले रूळ पाण्याखाली गेले आणि वडोदरा एक्सप्रेसमधल्या प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, ते तुमच्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिलं आहे.

अशा दिवशी व्हॉट्सअॅपवर दोन वर्षांपूर्वीचे व्हिडिओ फिरतात आणि माणसं घाबरतात किंवा उलट बेफिकीर होतात. त्याऐवजी हवामान खात्याच्या ‘मौसम’ स्थळावर मुंबईचं रडार उघडा. कुलाब्याला एक रडार आहे आणि २०२२ पासून जोगेश्वरीच्या वेरावलीलाही. चित्र थोड्या थोड्या वेळाने बदलतं. लाल-पिवळे डाग म्हणजे जोराचा पाऊस. मागची काही चित्रं ओळीने पाहिली की डाग समुद्राकडून वसईकडे सरकतात की निघून जातात, हे शाळकरी मुलालाही सांगता येतं. त्याच्या जोडीला भरतीची वेळ पाहा. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि तो लाल डाग एकाच दुपारी येणार असतील, तर कार्यालयात आधीच सांगून लवकर निघा. आचोळे रोडला तळमजल्यावर राहणाऱ्यांनी धान्याचे डबे आणि घराचे कागद सकाळीच माळ्यावर चढवून ठेवावेत.