मुंग्या येतात? बी-१२ तपासा

हातापायांना वारंवार मुंग्या येतात? बी-१२ जीवनसत्त्व कमी असू शकतं. नसांवरचं आवरण टिकवायला ते लागतंच. चयापचयालाही लागतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जवळच्या खेड्यांतल्या माता-मुलांचा १९९३ पासून अभ्यास केला. बी-१२ कमी आणि पालेभाज्यांतलं फोलेट हे जीवनसत्त्व जास्त असलेल्या मातांच्या मुलांत, सहाव्या वर्षी, इन्सुलिनचा प्रभाव सर्वांत कमी दिसला.

कुणी म्हणेल, आम्ही रोज मेथी, पालक, मटकीची उसळ खातो. उत्तमच, पण भाजीपाल्यात बी-१२ जवळपास नसतं. ते दूध, दही, अंडी, मासे यांत असतं. नुसत्या फोलेटच्या, म्हणजे फोलिक अ‍ॅसिडच्या गोळीनं रक्त सुधारेल, नसांची हानी थांबणार नाही. मुंग्या अंगावर काढू नका. डॉक्टरांना विचारून बी-१२ तपासून घ्या.