पासवर्ड म्हणजे आपली सही
(शाखेच्या मेळाव्यातील भाषण)



महागाई भत्ता आणि रिक्त जागा हे विषय आज आहेतच. त्याआधी दहा मिनिटे आम्ही आपल्या पासवर्डसाठी मागून घेतली आहेत. हसू नका, या एका शब्दापायी आपली माणसे चौकशीत अडकत आहेत.

पॅनेलवरचा स्टेशन मास्तर उठताना किल्ली काढून खिशात घालतो. पोस्टात तारखेचा शिक्का कुलपात जातो. हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. पण आपल्यापैकीच कोणी चहाला जाताना संगणक उघडा टाकतो, पासवर्ड चिठ्ठीवर लिहून ड्रॉवरमध्ये ठेवतो.

मागे आमच्याकडे एक प्रकरण आले. आरक्षण खिडकीवरचा जुना, सरळ माणूस. शेजारच्या खिडकीवर बदलीला आलेल्या मुलाचा आयडी तयार नव्हता आणि रांग दारापर्यंत गेलेली. याने चांगुलपणाने आपला पासवर्ड दिला, पुढे बदलायचा राहून गेला. काही आठवड्यांनी त्याच आयडीवर काढलेली तिकिटे दलालाकडे सापडली. एस.एफ. ५ कुणाच्या हातात पडली? संगणकात ज्याचे नाव होते त्याच्या. आमच्यातलाच एक जण त्याचा डिफेन्स हेल्पर होता. तिकिटे मी काढली नाहीत, हे सिद्ध करायचे कसे? मस्टरवर सही त्याची, आयडी त्याचा. पासवर्ड दिला होता म्हणावे, तर तोच दुसरा आरोप! शेवटी वेतनवाढ कायमची रोखली गेली आणि दोन वर्षांनी पेन्शनही तेवढी कमी बसली.

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६६ सी प्रमाणे दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पण तो सापडेपर्यंत खाते देणाऱ्यालाच धरते.

पोस्टात सेव्हिंग्ज बँकेची नोंद एकाने करायची आणि सुपरवायझरने ती तपासून मान्य करायची, ही व्यवस्था मुद्दाम केलेली आहे. लहान ऑफिसात माणसे नाहीत म्हणून दोन्ही पासवर्ड एकाच्याच हाती गेले, की खातेदाराच्या पैशाला राखण उरत नाही. पैसे गेले की वसुली आपल्या पगारातून.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. अनोळखी पेन ड्राइव्ह लावू नका. ‘कंट्रोलमधून बोलतोय’ म्हणून ओटीपी मागणाऱ्याला तो देऊ नका. प्रवाशांचा चार्ट व्हॉट्सॲपवर टाकू नका, त्यात लोकांची नावे आणि वये असतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे सर्व्हर सायबर हल्ल्यात बंद पडले, तेव्हा कित्येक दिवस सारे काम कागदावर करावे लागले. झळ पोहोचली रोग्यांना आणि खिडकीवरच्या कर्मचाऱ्यांना.

आता दुसरी बाजू. ‘पासवर्ड देऊ नये’ असे परिपत्रक काढले की प्रशासनाचे काम संपते. माणूस द्यायचा नाही, आयडी वेळेवर द्यायचा नाही आणि खिडकी मात्र चालू ठेवा म्हणायचे, हे आम्हाला मान्य नाही. बदलीवर येणाऱ्याला त्याच दिवशी स्वतःचा आयडी मिळावा, हा मुद्दा आम्ही येत्या पी.एन.एम. साठी लिहून दिला आहे. तोवर आयडी नसेल तर उसना घेऊ नका. सुपरवायझरला लेखी कळवा, पोच घ्या आणि तिची एक प्रत शाखा कार्यालयात आणून द्या. बैठकीत आम्हाला ते कागद टेबलावर ठेवायचे आहेत.