रद्दीचा कागद ताटात नको



पावसाची सर आली की घरोघरी कांदाभजी होतात. कढईतून काढलेला घाणा आपण कशावर टाकतो? बहुतेक घरांत ताटात कालचं वर्तमानपत्र पसरलेलं असतं, त्यावर. कागद तेल ओढून घेतो, आपल्याला बरं वाटतं. मीही कित्येक वर्षं हेच करत होते. आज त्या कागदाबद्दल बोलू या.

वर्तमानपत्र वाचून झालं की बोटं काळी होतात, हे तुम्ही पाहिलं असेल. ती छपाईची शाई. तिच्यात रंग असतात, खनिज तेलं असतात, शिशासारखे जड धातूही असू शकतात. कोरड्या बोटाला जी शाई लागते, ती गरम, तेलकट भज्याला लागणारच. कागद भज्यातलं तेल ओढतो, तसं ते तेल कागदावरची शाई सोडवतं. शिवाय तो कागद किती हातांतून, कुठे कुठे पडून आलेला असतो, ते वेगळंच.

एकदा खाल्लं म्हणून कोणी लगेच आजारी पडत नाही, म्हणूनच आपण दुर्लक्ष करतो. पण रोजच्या डब्यातून थोडं थोडं पोटात जात राहणं वाईट. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि आधीच आजारी असलेले यांना त्याचा धोका जास्त.

भारतीय अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०१६ साली याबद्दल देशभर इशारा दिला. २०१८ च्या नियमांप्रमाणे खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधायला किंवा ठेवायला मनाई आहे. बचत गटातर्फे वडे, चकल्या विकणाऱ्या बहिणींनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं.

मग करायचं काय? तेल नीट तापू द्या. कमी तापलेल्या तेलात भजी तेल पितात. झाऱ्यावर घेऊन कढईवरच क्षणभर निथळू द्या. मग पातेल्यावर स्टीलची चाळणी ठेवून तिच्यात काढा. खाली साठलेलं तेल फोडणीला वापरता येतं. कागदाने प्यायलेलं तेल वायाच जातं. पोळ्यांच्या डब्यात धुतलेलं सुती फडकं घाला. वहीचे लिहिलेले कागद आणि दुकानाची बिलंही खाण्यापासून लांब ठेवा. गाडीवर वडा घेताना घरून डबा न्या.

रद्दी टाकून द्या असं मी म्हणत नाही. खिडकीच्या काचा पुसा, बंद डब्यांखाली फळीवर अंथरा. उघड्या अन्नाला मात्र ती लागू देऊ नका.

घरात कोणी म्हणेल, "आम्ही जन्मभर कागदावरच भजी काढली, काय झालं आम्हाला?" वाद घालू नका. सासूबाईंनाच विचारा, त्यांच्या लहानपणी लग्नाची पंगत कशावर बसायची? केळीच्या पानावर, पळसाच्या पत्रावळीवर. आपण नवीन काही सांगत नाही, त्यांचीच पद्धत परत आणतोय.

आज संध्याकाळी तळण असेल, तर ताटातला कागद काढा आणि चाळणी ठेवा. तेवढ्यापासून सुरुवात करू या.